टाळ्या नकोत, ऊब द्या: टेलिग्राफ प्लांटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात टेलिग्राफ प्लांटबद्दल चार ओळी आल्या होत्या, की हे वाटाण्याच्या कुळातलं एक रानटी झुडूप आहे, आशियातल्या उष्ण भागात आपोआप उगवतं आणि त्याची बारकी पानं स्वतःहून हलतात, नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचे शब्द जसेच्या तसे नसले तरी उत्तर इथे सापडेल. शास्त्रीय नाव पुन्हा देते, कारण बी मागवताना तेच उपयोगी पडतं: कोडॅरिओकॅलिक्स मोटोरियस. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच पाकिटांवर डेस्मोडियम गायरन्स असं असतं, झाड तेच.

प्रश्न: ताई, बिया पेरून तीन आठवडे झाले, माती ओली ठेवतोय, एकही उगवली नाही. बिया जुन्या निघाल्या का?

बिया बहुतेक चांगल्याच असतील, त्यांच्यापर्यंत पाणी पोचलेलं नाही एवढंच. या कुळातल्या रानटी झाडांच्या बियांचं कवच फार घट्ट असतं, त्यातून पाणी आतच शिरत नाही. कडधान्य भिजवल्यावर काही कुचर दाणे तसेच्या तसे टणक राहतात ना, इथे जवळजवळ सगळ्याच बिया तशा असतात. रानात याचा फायदा असतो, सगळ्या बिया एकाच पावसात उगवून एकाच उन्हात मरत नाहीत, कवच जसं झिजेल तशा मागेपुढे उगवत राहतात. घरात मात्र ते झिजवायचं काम आपल्याला करावं लागतं.

बारीक पॉलिश पेपर घ्या, एक तुकडा खाली ठेवायचा, त्यावर बी, आणि वरून दुसऱ्या तुकड्याने हलक्या हाताने चार-पाच वेळा घासायचं. बी गडद आणि चकचकीत असते, ती चकाकी जाऊन एखाद्या ठिकाणी फिकट रंग दिसला की थांबा. बीला एका कडेला बारीकसा डोळा असतो, जिथे ती शेंगेला चिकटलेली होती, त्या बाजूला घासू नका कारण कोंब तिथेच जवळ असतो, त्याच्या उलट बाजूला घासा. नेलकटरने टवका काढणारे लोक आहेत पण बी इतकी लहान असते की बोटातून निसटते आणि हमखास जास्त कापलं जातं, मी तरी पॉलिश पेपरच सांगेन.

मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी नीट बघा, ज्या बिया फुगून जवळजवळ दुप्पट झाल्यात त्या लगेच पेरायच्या, ज्या तशाच आहेत त्या पुसून पुन्हा घासायच्या आणि पुन्हा भिजत टाकायच्या. न फुगलेली बी मातीत टाकून वाट बघण्यात काही अर्थ नाही. तुमच्या कुंडीत जे पेरलंय तेही फेकू नका हं, माती चाळून बिया काढा, धुवा आणि हेच करा, बऱ्याचशा वाचतील.

दुसरं म्हणजे ऊब. माती 25 ते 30 अंशांत हवी. खोली थंड असेल तर फुगलेली बीसुद्धा नुसती पडून राहते आणि मग कुजते. फ्रीजच्या वर किंवा राउटरजवळ ट्रे ठेवला, वर पारदर्शक झाकण घातलं तरी पुरतं, बिया पेरायची हीट मॅट असेल तर उत्तमच. फुगलेल्या बिया उबेत असल्या की काही दिवसांत वर येतात, काही मात्र दोन-तीन आठवडे घेतात, एकाच पाकिटातल्या असूनही.

प्रश्न: माती कुठली, कुंडी किती मोठी, किती खोल पेरायचं?

पाणी पटकन निथळेल अशी कुठलीही. निम्मं कोकोपीट, निम्म्यात परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू आणि थोडंसं चाळलेलं गांडूळखत. अर्धा ते एक सेंटीमीटर खोल, त्याहून खाली नको. एक सांगायचं म्हणजे याचं मूळ सरळ खाली जातं आणि त्याला धक्का लागलेला आवडत नाही, म्हणून पसरट ट्रेमध्ये गर्दी करून पेरण्यापेक्षा एकेका कागदी कपात एक-एक बी पेरा, कपाला खाली भोक पाडा, आणि पुढे कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट मोठ्या कुंडीत बसवा.

प्रश्न: माझी सहा रोपं छान आली होती, दोन दिवसांत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. पाणी कमी पडलं असेल का?

उलट, पाणी जास्त झालंय. देठ मातीला टेकतो तिथेच दोऱ्यासारखा बारीक होऊन रोप कोलमडलं तर तो मर नावाचा रोग, बुरशीमुळे होतो, आणि पडलेलं रोप परत उभं राहत नाही, ते लगेच काढून टाका म्हणजे शेजारच्यांना लागणार नाही. पहिलं हिरवं टोक दिसलं की वरचं झाकण काढायचं, हे बरेच जण विसरतात, उगवायला दमटपणा हवा असतो म्हणून तो पुढेही ठेवतात. आता पाणी खालून द्या, बशीत कप ठेवायचा, माती वरपर्यंत ओलसर झाली की बशी रिकामी करायची. वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा मंद आणि जरा लांब असला तरी चालेल.

प्रश्न: रोप वीतभर झालंय पण प्रत्येक देठाला एकच पान आहे, बाजूची बारकी पानं नाहीतच. चुकीचं बी आलं का?

थांबा जरा! सुरुवातीची पानं एकेरीच येतात. आधी बीमधली दोन जाड पानं, मग एकेक साधी पानं, आणि रोपाने जोर धरला की मग नव्या पानांच्या देठावर, मोठ्या पानाच्या थोडं अलीकडे, दोन बाजूंना दोन इवलीशी पानं फुटायला लागतात. मोठं पान पुढे पाच-दहा सेंटीमीटर लांब होतं, ही बाजूची जेमतेम एक-दोन सेंटीमीटरची, अरुंद. हलतात ती हीच. कधी दोनऐवजी एकच येतं, तेही नॉर्मल आहे. उगवल्यापासून महिना-दीड महिना धरून चाला, उजेड कमी असेल तर अजून वेळ लागतो. रोप लांबुडकं होऊन वाकत असेल तर उजेड कमी आहे असं समजा, भरपूर उजेडाची खिडकी द्या नाहीतर ग्रो लाइट बारा-चौदा तास.

प्रश्न: ताई, हे झाड गाण्यावर नाचतं असं ऐकलं होतं. मुलांनी गाणी लावली, टाळ्या वाजवल्या, काहीसुद्धा झालं नाही, मुलं फार हिरमुसली. आमचं झाड आजारी आहे का?

झाड अगदी ठणठणीत असेल. गाण्याचा आणि त्या हालचालीचा संबंध नाही, ती पानं सगळं शांत असतानाही हलत असतात. व्हिडिओत गाणं चालू असतं आणि पान हलताना दिसतं म्हणून आपल्याला वाटतं की गाण्यामुळे हलतंय, गाणं बंद करून बघितलं असतं तर तेच दिसलं असतं.

हालचाल डोळ्यांना दिसेल इतकी झपाट्याने होते की नाही, हे ठरतं उबेवर. प्रत्येक बारक्या पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या एका बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) शिरतात, मागोमाग पाणी शिरतं, ती बाजू फुगते, आणि त्याच वेळी समोरच्या बाजूच्या पेशींतून पाणी बाहेर जाऊन त्या आकसतात, की पान एकीकडे झुकतं. मग हे सगळं उलटं होतं. असं सारखं चालू असल्यामुळे पानाचं टोक हवेत लांबट गोल काढत राहतं. तापमान 20 अंशांच्या आसपास असेल तर एका फेरीला साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात, आपल्याला वाटतं काहीच हलत नाहीये, आणि 35 अंशांला तीच फेरी दीड मिनिटात होते. म्हणजे मुलांना दाखवायचं तर एसी बंद करा, झाड उबदार उजेडात ठेवा, आणि तासाभराने बघा.

कसं बघायचं तेही सांगते. सगळ्या झाडाकडे बघू नका, एकच बारकं पान निवडा, त्याच्या मागे पांढरा कागद उभा करा आणि टोकावर नजर ठेवा. ते सलग सरकत नाही, बारीक बारीक हिसके देत जातं, वर चढताना सावकाश आणि खाली येताना जरा झपाट्याने. मोबाइलवर टाइमलॅप्स लावला तर मग मुलं नक्की खूश होतील, कागदावर दर दहा सेकंदांनी टोकाची जागा पेन्सिलने टिपायला सांगा, लांबट गोल आपोआप उमटतो. माझ्या मते गाण्यावर नाचण्यापेक्षा हे कितीतरी भारी आहे, की कोणी बघो न बघो, झाड आपल्याच तालात चालू आहे.

आणि यामागे केवढी मोठी माणसं लागली होती हेही मुलांना सांगा. चार्ल्स डार्विनने 1880 साली वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ काढला त्यात या झाडाचं निरीक्षण आहे. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोसांनी तर हे झाड वर्षानुवर्षं अभ्यासलं, पानाला हलकी तरफ जोडून काजळी धरलेल्या काचेवर त्याची हालचाल उमटवून घेतली, आणि तो आलेख प्राण्याच्या हृदयाच्या ठोक्यांशेजारी ठेवून बघितला. गुंगी आणणाऱ्या ईथरची वाफ दिली की पान थांबतं आणि ताजी हवा दिली की पुन्हा चालू होतं, हेही त्यांनी नोंदवलं. झाड हे का करतं यावर आजही एकमत नाही, एक अंदाज असा की ही बारकी पानं उजेड कुठून जास्त येतोय ते चाचपत असावीत.

प्रश्न: हात लावला तर लाजाळूसारखं मिटतं का?

नाही. लाजाळू त्याच कुळातलं आहे आणि तिथेही सांध्यातल्या पाण्याचाच खेळ असतो, पण ते स्पर्शाला उत्तर देतं, हे नाही. सारखं बोट लावून देठ दुखावू नका.

प्रश्न: संध्याकाळ झाली की मोठी पानं सगळी खाली लोंबतात. लगेच पाणी घालते, तरी सुधारत नाही.

अहो, पाणी घालू नका, ते झोपलंय. मोठं पान दिवसा आडवं पसरलेलं असतं आणि रात्री खोडालगत खाली लोंबतं, रोज. सकाळी आपलं आपण उठतं. पाणी हवंय का ते मातीत बोट घालून ठरवायचं, पानं बघून नाही, आणि रोज संध्याकाळी असं पाणी पडत राहिलं तर मुळं कुजतील. दिवसाउजेडीसुद्धा पानं लोंबलेली दिसली तर मात्र लक्ष द्या.

प्रश्न: पानांवर बारीक फिकट ठिपके आलेत, खाली जाळीसारखं काहीतरी आहे.

लाल कोळी. घरातल्या कोरड्या हवेत या झाडाला फार लवकर धरतो, आणि बारकी पानं आधी गळतात, म्हणजे ज्यासाठी झाड लावलं तेच जातं. लगेच झाड बाथरूममध्ये न्या, मातीवर प्लॅस्टिक बांधा आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून धुवून काढा. चार-चार दिवसांनी असं तीन-चार वेळा तरी करा, कारण अंडी एका धुण्यात जात नाहीत. कडुनिंबाचं तेल पाण्यात साबणाच्या दोन थेंबांबरोबर मिसळून फवारलं तरी चालतं, पण संध्याकाळी, आणि आधी एकाच पानावर करून बघा.

प्रश्न: शेंगवर्गीय झाड आहे तर खत लागतच नाही ना? मुळांवरच्या गाठी नत्र देतात असं शाळेत शिकलो होतो.

बरोबर शिकलात, पण त्या गाठी रायझोबियम जातीच्या जिवाणूंमुळे होतात, आणि ते कोकोपीटमध्ये आपोआप नसतात. कुंडी बदलताना मुळांवर गाठी दिसल्या तर एखादी नखाने फोडून बघा, आतून गुलाबी असेल तर ती काम करतेय. गाठी नसल्या तरी काही बिघडत नाही, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ केलेलं साधं द्रवखत पुरतं. जास्त नत्र घातलं तर नुसती मोठी मोठी पानं येतात आणि गाठीही धरत नाहीत.

प्रश्न: घरात लहान मूल आहे आणि मांजर पण. पानं खाल्ली तर?

खाऊ देऊ नका. या झाडात अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी रसायनं असतात, ते बघायचं झाड आहे, तोंडात घालायचं नाही. उंचावर ठेवा, तसंही वर उजेड बरा मिळतो.

प्रश्न: घरातल्या कुंडीत फुलं येतील का? पुढच्या वर्षीसाठी बी धरता येईल?

येतात, झाड चांगलं उंच झाल्यावर. घरातसुद्धा ते मीटरभर जातं, म्हणून शेंडा आधीच एकदा खुडला तर फांद्या फुटून आटोपशीर राहतं. फुलं लहान, वाटाण्याच्या फुलासारखी, फिकट जांभळी, आणि नंतर शेंगा चपट्या, एका कडेला खाचा असलेल्या. शेंग हिरवी असताना तोडू नका, आतलं बी कच्चं राहतं. पूर्ण तपकिरी होईपर्यंत झाडावरच वाळू द्या, फक्त ती एका कडेने उकलून बिया सांडतात, म्हणून रंग बदलायला लागला की घोसावर कागदी पिशवी सैलसर बांधा. बिया नीट वाळवून, कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवल्या की त्या घट्ट कवचामुळेच त्या वर्षानुवर्षं टिकतात. पाकिटावर महिना-साल लिहा, आणि पॉलिश पेपरने घासायचं ते मात्र पेरायच्या दिवशीच, आधी घासून ठेवलेली बी टिकत नाही.