पिकअपच्या डिझेल हीटरचा फ्यूज वारंवार उडत असेल तर काय करावे?

आपण विचारले आहे की डिझेल फिल्टरवरील, म्हणजे थंडीत डिझेल गरम ठेवणाऱ्या हीटरचा फ्यूज लावताच उडतो, तर हीटर लगेच बदलावा का. आधी हीटरचा कनेक्टर काढून नवा फ्यूज लावावा. तो टिकला तर दोष हीटरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे, आणि तरीही उडाला तर वायरिंग कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे असे समजावे. कोणत्याही परिस्थितीत जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नये, कारण मग वायर तापू शकते आणि ती डिझेलच्या नळीशेजारून जाते.

कनेक्टर उजेडात नीट पाहावा. माझ्या गाडीत एक पिन काळी पडली होती आणि भोवतीचे प्लास्टिक वितळून तिला चिकटले होते. अशा वेळी नव्या हीटरसोबत कनेक्टरही बदलावाच लागतो. मीटरने तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पुष्कळ हीटरमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) असतो व तो उबदार हवेत सर्किट उघडेच, म्हणजे बंद स्थितीत ठेवतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात घेतलेल्या रीडिंगवरून हीटर जळाला असा निष्कर्ष काढू नये.

हीटर बसवताना ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) नवीनच घालावी आणि गाडीतील डिझेलच्या हातपंपाने फिल्टरमध्ये शिरलेली हवा पूर्ण काढावी.

परभणीकडे थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबू शकतो. एरवी मात्र मराठवाड्यात हीटरवाचून गाडी अडत नाही. म्हणून सुटा भाग मिळेपर्यंत कनेक्टर काढून, त्याचे तोंड टेपने बंद करून गाडी निःशंक चालवावी.