इंग्रजी येण्याचे मोल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : इंग्रजी येणाऱ्याला पगार जास्त मिळतो, असे सगळेच म्हणतात. हे कोणी मोजले आहे का, की हा नुसता समज आहे?

मोजले गेले आहे, आणि फरक बराच मोठा आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी भारतातील २००५ सालच्या कुटुंब पाहणीची माहिती तपासून २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षण, वय आणि सामाजिक गट या बाबी सारख्या धरल्या तरी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त भरली, तर मोडकेतोडके बोलणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक १३ टक्के निघाला.

चर्चा बहुधा या आकड्यांपाशीच थांबते. मला मात्र त्याच अभ्यासाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वयाने मोठ्या असलेल्या कामगारांना इंग्रजीचा लाभ सर्व शैक्षणिक स्तरांवर मिळत होता, पण तरुणांमध्ये तो फक्त जास्त शिकलेल्यांच्याच पदरात पडत होता. माझ्या मते याचा अर्थ असा, की इंग्रजी जाणणारे मोजके होते तोवर नुसत्या इंग्रजीलाही भाव होता. ते जाणणारे वाढले, तसे त्या भाषेत तुम्ही करून काय दाखवणार, हे विचारले जाऊ लागले. हिशेब, शुश्रूषा, यंत्रदुरुस्ती किंवा प्रोग्राम लिहिणे यांपैकी एखादे काम हातात असेल, तर इंग्रजीमुळे त्या कामाला दूरदूरचे गिऱ्हाईक मिळते. काम येतच नसेल, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

प्रश्न : जपान, जर्मनी आणि दक्षिण कोरिया आपापल्या भाषांत व्यवहार करून श्रीमंत झाले. मग देशाच्या समृद्धीसाठी इंग्रजी लागते, असे का म्हणावे?

समृद्धीसाठी इंग्रजी लागतेच, असे म्हणू नये. इंग्रजीला राजभाषेचा दर्जा असलेले सिएरा लिओन आणि मलावी आजही जगातील अत्यंत गरीब देशांत मोडतात. श्रीमंत देशांत इंग्रजी चांगले बोलले जाते, यावरून इंग्रजीने श्रीमंती आली असे ठरत नाही. पैसा असलेला देश परकीय भाषा शिकवण्यावर जास्त खर्च करू शकतो, हेही तितकेच खरे आहे.

व्यापारावर मात्र समान भाषेचा परिणाम निश्चित दिसतो. पीटर एगर आणि आंद्रेआ लासमान यांनी या विषयावरील अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ साली दाखवले, की दोन देशांत समान भाषा असली तर त्यांच्यातील व्यापार सरासरी ४४ टक्क्यांनी जास्त असतो. ही भाषा इंग्रजीच असावी असे मुळीच नाही. करारातील अटी, मालावरचे लेबल, तक्रारीचे पत्र या प्रत्येक टप्प्यावर होणारा भाषांतराचा आणि गैरसमजाचा खर्च वाचतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. इंग्रजीचे वेगळेपण हे, की ते जाणणाऱ्या सुमारे दीड अब्ज लोकांपैकी बहुसंख्यांची ती मातृभाषा नाही. एखादी भाषा जितके जास्त लोक शिकतात, तितकी ती पुढच्या शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडते.

आणि जपानलाही हा प्रश्न चुकलेला नाही. राकुटेन या ऑनलाइन विक्री कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी २०१० साली कंपनीचा सारा कारभार दोन वर्षांत इंग्रजीत नेण्याचे ठरवले, आणि रातोरात उपाहारगृहातील जपानी खाद्ययादी व लिफ्टजवळचे फलकसुद्धा इंग्रजीत आले. इंग्रजी चाचणीत ठरलेले गुण न मिळाल्यास पदावनतीची टांगती तलवार होती. वर्षानुवर्षे काम चोख करणारा माणूस सभेत अचानक मुका होतो, तेव्हा कंपनीचेही नुकसान होते, पण ते ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

प्रश्न : मग मुलाला पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी माध्यमात घालणे ही सर्वांत चांगली गुंतवणूक नव्हे काय?

पालकांची ही कळकळ मला समजते, आणि तरीही माझे उत्तर सहसा नकारार्थी असते. इंग्रजी उत्तम यावे ही इच्छा रास्तच आहे. पण सगळे विषय इंग्रजीतून शिकवले की इंग्रजी आपोआप येते, हे गृहीतक कच्चे आहे. अमेरिकेच्या ताब्यातील प्वेर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावर १८९८ पासून जवळपास अर्धशतकभर सरकारी शाळांत प्राथमिकनंतरच्या बहुतेक इयत्तांचे माध्यम इंग्रजी होते. १९४९ साली ते स्पॅनिश झाले. जोशुआ अँग्रिस्ट, एमी चिन आणि रिकार्डो गोडॉय यांनी २००८ साली या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर पाहता इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचे इंग्रजी सरस भासत होते, परंतु पिढ्यांगणिक घडत आलेला बदल हिशेबात धरल्यावर माध्यमाचा असा काही परिणाम उरला नाही. मलेशियाने २००३ साली विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवायला घेतले, २००९ साली धोरण मागे घेण्याचे ठरवले आणि २०१२ पासून ते सोडून दिले. ग्रामीण विद्यार्थी मागे पडत असल्याची चिंता त्यामागे होती.

वर्गात नेमके काय घडते, ते अपूर्णांकाच्या तासाला दिसते. छेद वाढला की भाग लहान होतो, ही गोष्ट मूल स्वतःच्या भाषेत चित्र काढून, वाद घालून समजून घेते. परक्या भाषेत तेच मूल ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द अचूक उच्चारते आणि एकचतुर्थांशापेक्षा एकअष्टमांश मोठा, असे निर्धास्तपणे लिहून मोकळे होते, कारण आठ हा आकडा चारापेक्षा मोठा असतो. नोकरीत पुढे ज्याचे पैसे मिळणार ते गणितच हुकले, तर इंग्रजीने ती उणीव भरून निघत नाही. इंग्रजी हा विषय चांगल्या शिक्षकाकडून रोज, बोलण्यावर भर देऊन शिकवला जावा आणि बाकीचे शिक्षण मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : व्यवसायासाठी किती इंग्रजी पुरेसे असते?

हे कामावर ठरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या ठरवल्या असून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना किमान चौथी पातळी लागते. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी ती चालते. फक्त समजण्यात वरचेवर अडथळा येता कामा नये. नेमका शब्द मात्र यावाच लागतो. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचे प्राण गेले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले होते, प्राधान्यही मागितले होते. पण नियंत्रकांना तातडीने हालचाल करायला लावणारा ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आपल्या पेशातील असे शे-दोनशे शब्द आणि ठरीव वाक्ये आधी पक्की करावीत; अलंकारिक इंग्रजीच्या शिकवणीवर पैसे घालवू नयेत.

प्रश्न : ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांना हा सारा लाभ फुकट मिळतो, हे अन्यायाचे नाही का?

अन्यायाचे आहे, आणि तो मोजताही येतो. जिनिव्हाचे भाषा-अर्थतज्ज्ञ फ्रान्स्वा ग्रँ यांनी २००५ सालच्या अहवालात इंग्रजीच्या वर्चस्वामुळे ब्रिटनला दरवर्षी निव्वळ किमान १० अब्ज युरोंचा लाभ होतो, असा अंदाज मांडला. अध्यापन आणि पुस्तकांची विक्री हा त्यातला एक भाग आहे. परकीय भाषा शिकण्याचा वाचणारा खर्च हा दुसरा. विज्ञानाच्या क्षेत्रात तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतील ९०८ पर्यावरण संशोधकांची पाहणी करून २०२३ साली दाखवले, की भाषेच्या कारणावरून शोधनिबंध नाकारला जाण्याचे प्रमाण इतर भाषकांत सुमारे अडीच पट आहे. भाषा सुधारून देण्याचा खर्च नियतकालिकांनी आणि विद्यापीठांनी उचलावा, ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

प्रश्न : यंत्राने भाषांतर होऊ लागल्यावर इंग्रजीचे मोल घसरेल का?

काही कामांपुरते ते घसरेलच. ईबे या विक्रीमंचावर २०१४ साली नवी भाषांतर यंत्रणा आल्यानंतर निर्यात १०.९ टक्क्यांनी वाढल्याचे एरिक ब्रिनयोल्फसन आणि सहकाऱ्यांना आढळले. म्हणजे विक्रेत्याला ग्राहकाची भाषा येत नसतानाही सौदे होऊ लागले. वस्तूचे वर्णन, सूचनापत्र, नेहमीचा पत्रव्यवहार यांसाठी यंत्राची मदत आजच निःसंकोच घ्यावी. वाटाघाटीत मात्र समोरच्याच्या बोलण्यातला खाचखळगा त्याच क्षणी ओळखावा लागतो, तेथे भाषा स्वतःला येणे अजून फायद्याचे आहे. आणि यंत्राने भाषांतरित केलेला करार सही करण्यापूर्वी दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडून ओळीन्ओळ तपासून घ्यावा.