हेपॅरिन चालू असताना पोटॅशियम वाढलं तर

ताई, आईच्या पायात रक्ताची गुठळी, त्यासाठी पोटात हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं, आठवड्याभरात रक्तातलं पोटॅशियम वाढून 6.1 आणि सोडियम घटून 128, आणि सगळे किडनीवर खापर फोडतायत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दादांचं हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, पण पोटॅशियम 6 च्या वर गेलंय म्हणजे ईसीजी आजच काढून घ्या, उद्यावर नको.

किडनीच्या माथ्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच्यामुळे किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे काढते. हेपॅरिन हे संप्रेरक तयार होणंच दाबतं, कमी डोसमध्येसुद्धा, म्हणून पोटॅशियम साठतं आणि सोडियम घटतं. बहुतेकांना काही होत नाही. शंभरात साधारण 7 जणांचं पोटॅशियम वाढतं. मधुमेह, अधू किडनी, किंवा बीपीची रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर धोका जास्त. दादांना तिन्ही होतं.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती पहिल्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम. दादांना रत्नागिरीहून कोल्हापूरला हलवलं, तर डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इंजेक्शन दिली'. कुठलं, किती दिवस, काही नाही. नवे डॉक्टर विचारतायत आणि इकडे खिडकीवरचा माणूस म्हणतो, साहेबांची सही नाही, फाईल विम्याकडे गेलीय, सोमवारी या. तोवर तिकडे किडनीच्याच तपासण्या चालू! मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे. पण तो मला तेव्हा कोणी सांगितला नाही. अजून संताप होतो. तुम्ही लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि आत्ताच औषधांच्या तक्त्याचा रोज फोटो काढा.

शहाळं मात्र बंद. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की प्रत्येक पाहुणा शहाळी घेऊन येतो, आणि त्यात पोटॅशियम भरपूर. केळीही नकोत. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियम' मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं, तेव्हा पाकीट वाचून घ्या.

इंजेक्शन मात्र स्वतःहून थांबवू नका, गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. डॉक्टरांना सरळ विचारा, 'हे हेपॅरिनमुळे असेल का, दुसरं औषध चालेल का?' दादांचं औषध बदलल्यावर काही दिवसांत आकडे जागेवर आले. तुमच्या आईचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण प्रश्न विचाराच.