वाडा लावा, ठेव मोडू नका

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा : चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक, वय ४६, सहा एकर बागायती. गावात वडिलांचा चौसोपी, धाब्याचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा आहे, वीस वर्षांपासून कुलूपबंद. गाव म्हणतं, ‘वाडामा भूत शे.’ पुतण्या पुण्याहून चित्रपटाचं शिक्षण घेऊन परतला आहे आणि त्याने याच वाड्यावर भयपट लिहिला आहे. त्याचा अंदाज २८ लाखांचा. या वाचकांकडे २२ लाखांची मुदत ठेव आहे. त्यातले १८ लाख मोडायचे आणि घरातल्या १४ तोळे सोन्यावर १० लाखांचं कर्ज काढायचं, असा बेत आहे. पीककर्ज ३ लाख बाकी. मुलगी बारावीत, डॉक्टरकीची तयारी करते, मुलगा आठवीत. पत्नीचा ठाम नकार. ‘ताई, आमच्या मातीतला सिनेमा आम्ही नाही काढायचा तर कोणी काढायचा?’ असं त्यांनी शेवटी विचारलं आहे.

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. सिनेमा तुम्हीच काढायचा. मी अमळनेरजवळच्या धाब्याच्या घरात वाढले. माळवदावरून मध्यरात्री मातीचे खडे गळायचे आणि आजी म्हणायची, घूस असेल, झोप. त्या आवाजाची भीती मला अजून आठवते, म्हणून तुमच्या पुतण्याची कल्पना मला मनापासून आवडली. पण ठेवीतले १८ लाख आणि वहिनींचं सोनं यांना हात लावायचा नाही. वाडा भांडवल म्हणून लावा, पैसा जपा. का, ते सांगते.

तुमचं रोजचं उत्पन्नच जोखमीचं आहे. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत चरका पडतो (थंडीने केळी खराब होते), आणि माल चांगला आला तरी बऱ्हाणपूर-रावेरचा भाव आठवड्यात खाली येतो. नोकरदार माणसाने ठेव मोडली तर पहिल्या तारखेला त्याचा पगार तरी येतो. तुमच्याकडे वाईट वर्षी ही ठेवच पगार असते. चित्रपट ही दुसरी जोखीम, तीही अशी की पैसे एकदम जातात आणि परतले तर दोन-तीन वर्षांनी थोडे थोडे येतात. दोन्ही एकाच घरावर नकोत. १८ लाख ७ टक्क्यांनी सहा वर्षं राहिले तर सुमारे २७ लाख होतात. मुलीच्या शिक्षणाला तोच आधार. सोन्यावरचे १० लाख १० टक्के दराने धरले तरी वर्षाला लाखभर रुपये नुसतं व्याज. भाव पडलेल्या वर्षी ते कुठून भरणार? वहिनींचा नकार हट्ट नाही, त्यांनी हिशोब नीट केला आहे.

आता पुतण्याचं अंदाजपत्रक. ते मन लावून केलंय, पण दोन ठिकाणी फसलंय. पहिलं जेवण. अठरा दिवस, २५ माणसं, आणि आकडा फक्त ६० हजार. म्हणजे माणशी रोज १३३ रुपये, त्यात चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. तुम्ही लग्नाच्या पंगती उठवल्या आहेत, हे शक्य नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. शूटिंग रात्रीचं, त्यामुळे पहाटे तीनला पुन्हा भूक लागते. माणशी ४०० धरा, १ लाख ८० हजार होतात. दुसरी चूक मोठी आहे : सिनेमा लोकांपर्यंत नेण्यासाठी त्याने एक रुपयाही धरलेला नाही. सेन्सॉर प्रमाणपत्र, पोस्टर, ट्रेलर, पडद्यांवर चालवायचं डिजिटल भाडं, जाहिरात मिळून निदान १२ लाख. म्हणजे खरा आकडा २८ नाही, निदान ४० लाख.

४० लाख परत यायला किती तिकिटं लागतात ते पाहू. तिकीट १५० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी वगळून १२७ उरतात. (शंभरपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, पण तिथे तिकीटच स्वस्त.) १२७ मधले साधारण निम्मे थिएटरचे. राहिले ६३. त्यातून वितरकाचं कमिशन आणि इतर वजावट गेली की ५० हातात आले तरी चांगलं. ४० लाख भागिले ५०, म्हणजे ८० हजार तिकिटं. दोनशे खुर्च्यांचं थिएटर चारशे वेळा पूर्ण भरलं पाहिजे. जळगाव, धुळे, नंदुरबार एकत्र केले तरी नवीन माणसांच्या पहिल्या सिनेमाला हे फार जड आहे. प्रदर्शनच न झालेला सिनेमा कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून आहे, असं एक कुटुंब मला माहीत आहे. त्यांनी शेत विकलं होतं.

तरीही भयपट हाच प्रकार निवडला हे पुतण्याने शहाणपणाचं केलं. कमी पैशांत सगळ्यात जास्त परिणाम देणारा हा प्रकार आहे, कारण त्याला मोठे तारे लागत नाहीत, एक जागा लागते. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला, घरातलीच माणसं कामाला लावून काढला. अमेरिकेत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये तयार झाला. आपल्याकडे २०१७ चा ‘लपाछपी’ बघा : उसाच्या शेतातलं एक घर, आणि २०२१ मध्ये त्याचा हिंदी ‘छोरी’ झाला. या सगळ्यांत जागाच अर्धी कमाई करते. तुमची जागा तुमच्याकडे आहे. भांडवल तेच.

म्हणून माझी रचना अशी. वाडा तुमचा हिस्सा म्हणून लावा, रोख नाही. बाहेरच्या निर्मात्याला असा वाडा अठरा दिवस भाड्याने घ्यायला जेवढे पैसे लागले असते तेवढी तुमची गुंतवणूक धरायची, आणि ती करारात लिहायची. वाई, मेणवली, भोरचे वाडे शूटिंगला भाड्याने जातात, त्यामुळे याचा हिशोब कोणी नाकारणार नाही. रोख फक्त ३ ते ३.५ लाख, तेही ठेवीतून नाही, येत्या कटाईतून. बुडाले तर पुढच्या कटाईत भरून निघतील एवढेच. त्यात पुतण्याने पूर्ण सिनेमा नाही, १२-१५ मिनिटांचा लघुपट करायचा : एक माजघर, एक जिना, तीन रात्री.

लघुपट चांगला निघाला तर त्यालाच पुढे करून इतरांकडून पैसा उभा करता येतो. यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ प्रचंड पाहिले जातात, भयकथा मात्र फार कमी आहेत. त्या वाटेने प्रेक्षक तरी मोजता येतील. उत्पन्नाचं स्वप्न मात्र आधी रंगवू नका. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं.

पैसा कुठे कमी करायचा नाही, तेही सांगते : आवाजावर. भुताचा चेहरा दिसला की भीती ओसरते. कडी-कोयंड्याचा आवाज, माळवदावरची खुरखुर, जिन्याची फळी हेच माणसाला घाबरवतं. आवाजाचं काम स्वस्तात उरकलं तर बाकीचा खर्च वाया. आणि हे तुम्हीच ओळखाल : शेतीची लाईट रात्री येते तेव्हा चारी बाजूंनी मोटारी सुरू होतात. त्या घरघरीत एकही संवाद नीट मिळणार नाही. महावितरणचं वेळापत्रक घेऊन शूटिंगच्या रात्री ठरवा.

कथेबद्दल एक गोष्ट मी सोडू शकत नाही. तुमच्या पत्रानुसार शेवटी गावातली एकटी म्हातारी डाकीण निघते. ते बदला. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरवला आहे. आपल्या पैशाने ती समजूत पक्की होऊ नये. वाड्यात काय लपलंय ते माणसाच्या लोभातून आलं असेल, जमिनीच्या वाटणीतून आलं असेल, तर ते जास्त भयंकर आणि जास्त खानदेशी होईल. त्यात रक्तपातही कमी लागेल. ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही, आणि घरातली सगळी मिळून पाहायलाही येत नाहीत. ‘यूए १६+’ मध्ये बसेल अशी मांडणी करा. मांजर, घुबड, वटवाघूळ दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आवाजावर भागवा.

कागदांचं थोडक्यात. कायद्याने चित्रपटाचा मालक निर्माता असतो आणि त्याचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून निर्माता कोण आणि कोणाचा किती हिस्सा, हे शूटिंगआधी स्टॅम्पपेपरवर हवं. पुतण्या घरचा आहे म्हणूनच हवं. संगीत उसनं घेऊ नका. वाड्याची तपासणी एखाद्या अभियंत्याकडून करून घ्या. वीस वर्षं माती न टाकलेल्या धाब्यावर दिवे, क्रेन आणि दहा माणसं चढवायची नाहीत. सगळ्यांचा अपघात विमा काढा.

आणि वाडा तुमच्या एकट्याचा नाही. वडिलोपार्जित आहे, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचा वाटा तुमच्याइतकाच आहे. ‘भुताचा वाडा’ म्हणून पडद्यावर नाव गेलं तर उद्या विकताना किंमतीवर परिणाम होतो, तो त्यांचाही तोटा. फोनवर ‘हो’ घेऊन चालणार नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्या माहेरी येतीलच. झोके उतरले, पुरणपोळी झाली की वाड्याचं कुलूप त्यांच्यासमोर काढा, त्यांना आत फिरवून आणा, पुतण्याला कथा वाचू द्या, आणि मग संमतीपत्र पुढे ठेवा.