शेठचा फोन आणि ऑफरचा कागद

बेटा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी दोनदा वाचला. बाबांनी जन्मभर ज्या कारखान्यात नोकरी केली, त्याचे शेअर, कंपनी ताब्यात घ्यायला ऑफर आणलेल्या बाहेरच्या माणसाला दिले तर कारखान्याच्या मालकाच्या, शेठच्या घराण्याशी बेइमानी होईल का, असं विचारतेस. लगेच खाली लिहितेस, ब्रोकर म्हणतो आजच टेंडर करा, म्हणजे शेअर ऑफरमध्ये देऊन टाका, करून टाकू का? शेठचा फोन आला, ब्रोकरचा फोन आला, आणि तू दोघांच्या मध्ये अडकलीस. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये ऑफरच्या कागदाबद्दल मात्र एक ओळ नाही. त्याचाच मला राग आला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी शेठबद्दल. बाबांच्या आजारपणात त्यांनी पगार थांबवला नाही हे खरं आहे, आणि ते विसरायचं नाही. दिवाळीला जा, पाया पड. पण ते शेअर बाबांनी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतले, तुझ्या आईच्या उतारवयासाठी. शेठच्या उपकाराची फेड त्यातून करायची हे कुठे ठरलं होतं? कंपनी हातची जाऊ नये असं शेठना मनापासून वाटत असेल, तर कायद्याने त्यांचा रस्ता बंद केलेला नाही. कंपनी घेणाऱ्याचं ऑफरबद्दलचं सविस्तर निवेदन प्रसिद्ध झाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तेही स्वतःची ऑफर आणू शकतात, जास्त भावाची. तशी ऑफर आली आहे का? कागद दाखव. नसेल, तर मग तुझ्या आईने फुकटात त्यांची खुर्ची सांभाळावी एवढंच ते मागताहेत.

आता ब्रोकर. 'आजच' कशासाठी? टेंडर करायची खिडकी कामकाजाचे १० दिवस उघडी असते. ती उघडायच्या निदान कामकाजाचे दोन दिवस आधी तुमच्या कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीला ऑफरबद्दल आपलं मत छापावं लागतं. खिडकी उघडायच्या आधीचा कामकाजाचा शेवटचा दिवस सुरू होईपर्यंत घेणारा भाव वाढवू शकतो. आणि एकदा टेंडर केलेले शेअर मागे घेता येत नाहीत. हे सगळं शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांत आहे. घाई केल्याने तुला एक पैसा जास्त मिळणार नाही, हातातली निवड मात्र जाईल.

तू लिहिलंस की 'सगळे शेअर त्या भावाने जातील'. कुठे वाचलंस? वाचलेलं नाहीस, ऐकलंस. तूच दिलेले आकडे घे. शेठकडे ३१ टक्के, घेणाऱ्याने बाजारातून आणि संस्थांकडून गोळा केलेले २५, तुमच्यासारख्यांकडे ४४. पंचवीसला पोचला की त्याला आणखी किमान २६ टक्क्यांची ऑफर द्यावीच लागते. तो २६ च मागतो आहे. शेठ देणार नाहीत. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस टक्केवाल्यांनी शेअर पुढे केले, तर शंभरातले साधारण ५९ घेतले जातील आणि ४१ परत येतील. त्या ४१ ना ऑफरचा भाव नाही, बाजार देईल तो. म्हणजे आई पूर्ण बाहेर पडेलच असं नाही, आणि उरलेल्या शेअरांपुरती तिला नव्या मालकाबरोबर राहावं लागेल.

आणि तो नवा मालक कसा असेल? त्याच्याकडे ५१ होतील, शेठकडे ३१ राहतील. मोठ्या निर्णयाला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांतली तीन चतुर्थांश मतं. शेठ एकटे तो अडवू शकतात. आधीच अडचणीत असलेल्या कंपनीत दोन धनी एकमेकांना अडवत बसले, तर ऑर्डरी दुसरीकडे जातात, चांगले इंजिनियर हलोलच्या कारखान्यांची वाट धरतात आणि लाभांशाचं नाव निघत नाही. भाव वीस रुपये जास्त की कमी यावर तुम्ही मायलेकी रात्र काढता. त्याऐवजी या रस्सीखेचीवर विचार करा.

मुद्दा जमिनीचा. तुमच्या कंपनीची मकरपुऱ्यातली जमीन तिच्या यंत्रांपेक्षा महाग आहे हे सगळं बडोदं जाणतं. गेंडा सर्कलजवळ साराभाईंच्या जुन्या कारखान्याच्या आवारात आज काय उभं आहे ते तू रोज बघतेस. म्हणून ऑफरच्या पत्रात एक परिच्छेद शोध: पुढच्या दोन वर्षांत कंपनीची मोठी मालमत्ता विकायचा इरादा आहे का? तो आधी जाहीर केला नसेल, तर भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय दोन वर्षं विकता येत नाही. 'कारखाना चालवू, कामगार ठेवू' असं घेणारा वर्तमानपत्रात म्हणाला असेल. या परिच्छेदात काय म्हणतो ते बघ. शेठही ऑफर चालू असताना घाईघाईने जमीन विकू शकत नाहीत की नेहमीच्या व्यवहाराबाहेर मोठं कर्ज काढू शकत नाहीत, त्यांनाही भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तसलं मतदानाचं पाकीट घरी आलं तर आईला कोरी सही करू देऊ नकोस.

शेठच्या बाजूचेही कागद काढ. शेअरबाजाराच्या साइटवर दर तिमाहीला शेअरहोल्डिंगचा, म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा, तक्ता येतो, त्यात प्रमोटरने, म्हणजे शेठसारख्या मूळ मालकाने, किती शेअर तारण ठेवले त्याचा रकाना असतो. वार्षिक अहवालात मागच्या पानांवर संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार असतात: भावाच्या फर्मला दिलेली उधारी, सुनेच्या कंपनीचं भाडं. नफा दिसतो आणि धंद्यातून रोकड येत नाही, असं किती वर्षं चाललंय? एवढी पानं वाचल्यावर 'आपली कंपनी वाचवा' हा फोन वेगळा ऐकू येईल. किंवा येणार नाही, शेठ स्वच्छ निघतील. निघाले तर मला आनंदच आहे. पण ते कागदावरून कळू दे.

माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण सगळे देतात, अर्धं देतात. २०१९ मध्ये एल अँड टीने तिथले मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा २०.३२ टक्के हिस्सा शेअरला ९८० रुपयांनी घेतला, त्याच भावाने बाकीच्यांना ऑफर दिली, संस्थापकांनी विरोध केला, तरी ऑफर यशस्वी झाली. ज्यांनी शेअर दिले नाहीत त्यांनी पुढे काही महिने ९८० च्या बराच खाली भाव बघितला, आणि २०२१ मध्ये चार हजारांच्या वर. पण ती नफ्यातली, कर्ज नसलेली कंपनी होती. तुमची तशी आहे का? एनडीटीव्हीत अदानींची ऑफर २९४ ची होती आणि बाजारभाव त्याहून वर, तरी काही लोकांनी शेअर दिले. पुढे संस्थापकांचा हिस्सा ३४२.६५ ला घेतला गेला आणि आधी दिलेल्यांना वरचे ४८.६५ रुपये मिळाले. आधी टेंडर करणारा बुडला नाही, पण वरचे पैसे मिळतील हे टेंडर करताना त्याला कुठे माहीत होतं! दुसऱ्याच्या गोष्टीवरून आपलं ठरवू नये. स्वतःच्या कंपनीची पानं उलट.

तुला वाटेल, मावशी कागदाचं वेड लागल्यासारखी बोलते. मी एका कंपनीच्या शेअर डिपार्टमेंटच्या खिडकीत बसायचे. तेव्हा ऑफर आली की फॉर्मांच्या गोण्या यायच्या. नवरा गेलेल्या बायका कोणीतरी भरून दिलेला फॉर्म घेऊन यायच्या, आकडा दुसऱ्याच्या हातचा, खाली त्यांची सही किंवा अंगठा. मी कंपनीच्या नोकरीत, 'थांबा, वाचून घ्या' म्हणायची मुभा नव्हती. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात आणि त्रास देतात. तुझ्या आईला त्या रांगेत मी उभी राहू देणार नाही.

आणि आमच्या घरचं तू ऐकलं असशीलच, रावपुऱ्यात सगळ्यांनी ऐकलंय. यजमानांच्या नावावरच्या एका कंपनीला ऑफर आली, दिरांनी देऊन टाकले, मी ठेवले. पुढे मंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं, शेअर मातीमोल झाले. दीर लग्नकार्यात अजून ऐकवतात. ऐकवू देत. त्या दिवशीच्या ताळेबंदात ठेवी होत्या, जमीन होती, कर्ज नावाला होतं, आणि देऊ केलेला भाव त्याच्या निम्माही नव्हता. येणारी मंदी कुठल्याही पानावर नव्हती आणि दिरांच्या डोक्यातही नव्हती. त्यांना मांडवीवर कोणीतरी सांगितलं, त्यांनी दिले. त्यांना पैसे मिळाले हे मला मान्य आहे. ते पानं वाचून मिळाले हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. तेच कागद आज समोर आले तर मी तेच करीन.

म्हणून 'मावशी, तूच सांग काय करू' असं मला विचारू नकोस. माझ्या सांगण्यावरून विकलेस, तर तू ब्रोकरऐवजी माझं ऐकलंस, एवढाच फरक.

एक काम आजच कर. बाबांचे शेअर आईच्या डिमॅटमध्ये आलेत की अजून कागदी सर्टिफिकेटं कपाटात आहेत? बाबांच्याच नावावर असतील तर वारसाची नोंद आधी, बाकी सगळं नंतर. सलग सात वर्षं लाभांश कोणी वटवला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असू शकतात, मग परत मिळवायला अर्ज करावा लागतो. ते ऑफरची मुदत संपण्याआधी होणं अवघड, पण कळायला तर हवं.

रविवारी दुपारी दांडिया बाजारात घरी ये, आईला घेऊन. ऑफरचं पत्र, मागचे तीन वार्षिक अहवाल, शेअरहोल्डिंगचा ताजा तक्ता, सगळं छापून आण, मला मोबाईलवर दिसत नाही. जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलीने खूण कर. एकही खूण नसेल तर मी समजेन की वाचलेलं नाहीस, चहा पाजून परत पाठवीन.

तुझी,
मावशी