जिम रोपर : दोनच शर्यती, पण पहिला विजय त्यांचाच

नॅस्कर या अमेरिकी मोटार शर्यत संघटनेच्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ वर्गाच्या पहिल्या शर्यतीत सर्वांत आधी पोहोचले ग्लेन डनवे, मग विजेते म्हणून जिम रोपर यांचे नाव कसे, आणि पुढे ते दिसेनासे का झाले, असे आपण विचारले आहे. रोपर यांना हा विजय आयता मिळाला, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते.

रोपर कॅन्सस राज्यातील हॅल्स्टेडचे. वर्तमानपत्रातील एका चित्रमालिकेत या शर्यतीचा उल्लेख वाचून ते नवी कोरी लिंकन मोटार घेऊन सुमारे हजार मैलांवरच्या नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटला पोहोचले आणि १९ जून १९४९ रोजी तीच गाडी त्यांनी ट्रॅकवर उतरवली. पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या आणि ३३ गाड्या. कारखान्यातून आलेली गाडी आहे तशीच पळवायची, ही या वर्गाची मूळ अट होती आणि माझ्या मते सगळ्या वादाचे उत्तर तिच्यातच आहे. बराच वेळ आघाडीवर असलेल्या बिल ब्लेअर यांची लिंकन तापून मागे पडली. रोपर यांचीही तापू लागली, तेव्हा त्यांनी वेग आवरून ती शेवटपर्यंत नेली. डनवे मात्र तब्बल तीन फेऱ्या पुढे होते.

शर्यतीनंतरच्या तपासणीत डनवे यांच्या १९४७ च्या फोर्डचे मागचे पाटे (स्प्रिंगा) फेरफार करून ताठ केलेले आढळले. चोरटी दारू वाहणाऱ्यांची ही जुनी युक्ती : मागे माल भरला तरी गाडी बसत नाही आणि वळणावर कलत नाही. मातीच्या वळणांवर याचा केवढा फायदा होतो, हे निराळे सांगायला नको. डनवे बाद झाले. गाडीचे मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड यांनी नॅस्करवर १०,००० डॉलरचा दावा लावला, तो न्यायालयाने फेटाळला. रोपर यांच्या लिंकनचे इंजिनही तपासणीसाठी उघडले गेले होते. ती गाडी नियमात बसली, म्हणून पहिला क्रमांक आणि २,००० डॉलरचे बक्षीस त्यांना मिळाले.

ऑगस्टमध्ये हिल्सबरोच्या ‘ऑकोनीची’ नावाच्या ट्रॅकवर ते पंधरावे आले आणि नॅस्करमधील त्यांची कारकीर्द तिथेच संपली. शर्यती मात्र सुटल्या नव्हत्या. घराकडच्या भागात ते मिजेट आणि स्प्रिंट या उघड्या चाकांच्या छोट्या शर्यती गाड्या चालवत राहिले. १९५५ मध्ये स्प्रिंट गाडीच्या अपघातात मणक्याला दुखापत झाली, तेव्हा कुठे ते थांबले. २००० साली कॅन्ससमध्येच त्यांचे निधन झाले.