केपमधलं नारिंगी फूल: ग्लॅडिओलस, इक्सिया की आणखी काही?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत डार्लिंग गावाजवळ ओलसर वाळूत ही गुडघाभर उंचीची फुलं दिसली. सहा फिकट नारिंगी पाकळ्या, मधोमध पिवळा रंग आणि त्यातून वर आलेला दांडा. पान एकच, लांबलचक, जमिनीवर लोळणारं. ग्लॅडिओलस असेल की इक्सिया? दोन फोटो सोबत आहेत.

उत्तर : दोन्ही नाही, हा मोरिया आहे. तीन पुंकेसर आणि पाकळ्यांच्या खाली बीजकोश, यावरून आयरिस कुळ ठरतं. मधला दांडा म्हणजे एकमेकांना जोडलेले पुंकेसरांचे देठ. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण इक्सियाच्या काही जातींतही ते जोडलेले असतात. खरा निकाल पान देतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत ते पन्हाळीसारखं खोलगट आहे. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी दिसते. इक्सिया आणि बहुतेक ग्लॅडिओलसची पानं तलवारीसारखी चपटी, दोन्हीकडून सारखी, बुडाशी पंख्यासारखी रचलेली. शिवाय ग्लॅडिओलसच्या पाकळ्या खाली जुळून नळी होते. इथे त्या सुट्या आहेत.

अशा फुलांची पूर्वी होमेरिया ही स्वतंत्र प्रजाती होती. १९९८ मध्ये ती मोरियात विलीन झाली, म्हणून जुन्या पुस्तकांत होमेरिया शोधा.

जात बहुधा मोरिया फ्लॅसिडा. रंगावर मात्र जाऊ नका, ती पिवळीही असते. जवळच्या मोरिया मिनिएटाला पानं दोन-तीन असतात आणि पानांच्या बगलेत बारीक कंद धरतात. गवतात दुसरं पान सहज लपतं, त्यामुळे ‘एकच पान’ हे बुडापर्यंत पाहूनच म्हणावं. नेमका हाच भाग तुमच्या फोटोंत नाही.

पुढच्या वेळी फूल वरून व बाजूने, पट्टी धरून मधला दांडा, पानांच्या बगला आणि बूड असे फोटो घ्या. फुलामागे तळहात धरा, नाहीतर फोन मागच्या गवतावर फोकस करतो. भर उन्हात नारिंगी रंग फटफटीत येऊन दांड्याचे तपशील जातात; आपल्या सावलीत घ्या.

कंद उपटू नका, वेस्टर्न केपमध्ये त्याला परवाना लागतो. होमेरिया गटातली ही झाडं गुरांना विषारी असतात, आणि वाळलेल्या चाऱ्यातही ते विष टिकून राहतं.